‘मले आवडते’ म्हणणाऱ्या पोरीचं स्पॅनिश

प्रश्न : माझी मुलगी तालुक्याच्या कॉलेजात अकरावी सायन्सला आहे. दहावीच्या सुट्टीत मोबाइलवर स्पॅनिश शिकायला लागली, आता सोडतच नाही. बारावीनंतर स्पॅनिशच घेऊन बी.ए. करायचं म्हणते. आमचा चार एकर संत्र्याचा बगीचा आहे, घरात भाषा वगैरे शिकलेलं कोणी नाही. भावकीतले म्हणतात, हिला मराठी शुद्ध बोलता येत नाही, ही परदेशी भाषा काय शिकणार? या नादात बारावी बिघडेल का? या भाषेवर पोट भरतं का? आणि ‘भाषेसोबत संस्कृतीही शिकावी लागते’ असं ती म्हणते, म्हणजे नेमकं काय?
— एक शेतकरी, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातल्या भावकीच्या वाक्यापाशी मी थांबले, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. मी मोर्शीकडच्या एका खेड्यातली. शहरात स्पॅनिशच्या पहिल्या वर्गात मी ‘मले समजलं नाही’ म्हटलं, तेव्हा शिकवणाऱ्यांनी आधी माझं मराठी सुधारायला सांगितलं. सगळा वर्ग हसला. पुढचे चार महिने मी तोंड उघडलं नाही. भाषा बोलल्याशिवाय येत नाही, त्यामुळे ते चार महिने फुकट गेले आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं. तुमच्या मुलीचे तसे जाऊ नयेत.

आता तिची वऱ्हाडी तिला काय देते ते पाहा. आपण म्हणतो ‘मले संत्रं आवडते’. स्पॅनिशमध्ये हेच ‘मे गुस्ता ला नारांखा’. ‘मे’ म्हणजे मले. संत्री अनेक असली की आपण ‘आवडतात’ म्हणतो, तिथे ‘गुस्तान’ होतं. म्हणजे क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, माणसाप्रमाणे नाही. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारी मुलं इथे महिनोन्‌महिने अडखळतात. आपल्या पोरी पहिल्या दिवशी बरोबर बोलतात, कारण घरी तसंच बोलतात. दुसरं, आई विचारते, ‘काय करून राह्यली?’ आणि पोरगी सांगते, ‘अभ्यास करून राह्यली’. स्पॅनिशमध्ये ‘एस्तोय एस्तुदियांदो’. आधी ‘असण्या-राहण्याचं’ क्रियापद आणि मग ‘करून’सारखं रूप. आपल्याकडे क्रम उलटा, बांधणी तीच. ज्या ‘करून राह्यली’ला शहरात हसतात, त्याच्याच आधाराने मी हा धडा दरवर्षी शिकवते. उच्चारांचंही तेच. त्यांचे त, द, प आपल्यासारखेच दाताला-ओठाला लागून येतात, आणि स्वर पाचच : आ, ए, ई, ओ, ऊ. तू आणि तुम्ही हा भेदही त्यांच्याकडे आहे : ‘तू’ आणि ‘उस्तेद’. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘व्होस’ म्हणतात आणि त्यांना कोणी अशुद्ध म्हणत नाही. २० देशांची ती राजभाषा आहे, प्रत्येकाचा लहेजा वेगळा.

बगीचातच तिचा अर्धा अभ्यास होईल, हे मी मनापासून सांगते. झाड ‘एल नारांखो’, पुल्लिंगी. फळ ‘ला नारांखा’, स्त्रीलिंगी. सफरचंदाचंही असंच, ‘मान्सानो’ आणि ‘मान्साना’. ‘नारांखा’ हा शब्दच मुळात आपला, संस्कृतातलं ‘नारंग’. फारसीतून अरबीत गेला आणि अरबांसोबत फळासकट स्पेनला पोचला. साखरेला ते ‘आसूकार’ म्हणतात, तीही आपली शर्करा, त्याच वाटेने गेलेली.

आणि शिकणाऱ्याला सगळ्यात जड जाणारी गोष्ट : ‘आहे’साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. पुस्तकात यावर पानंच्या पानं असतात. तिला आंबिया बहाराच्या तोडीला झाडाखाली उभं करा. फळ वरून हिरवं, पण सोलून फाक तोंडात टाकली तर गोड. ‘एस वेर्दे’ म्हणजे रंगाने हिरवं आहे. ‘एस्ता वेर्दे’ म्हणजे कच्चं आहे. तर आपलं आंबियाचं फळ ‘एस वेर्दे, पेरो नो एस्ता वेर्दे’ : हिरवं आहे, पण कच्चं नाही. बगीचा पाहायला आलेल्या व्यापाऱ्याशी तुम्ही नेमका हाच वाद घालत असाल. तो तिने एकदा स्पॅनिशमध्ये घालून पाहावा, पुन्हा चुकणार नाही.

संस्कृती म्हणजे काय, असं विचारलंत. नाच आणि बैलांच्या झुंजी एवढंच इकडे पोचतं. मी तिला स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराची गोष्ट शोधायला सांगेन. तोही संत्र्याचा मुलूख. तिथे दर गुरुवारी दुपारी बाराला मोठ्या चर्चच्या दारात पाण्याचं न्यायालय बसतं. शेतकऱ्यांनी निवडलेले शेतकरीच न्यायाधीश. पाटाचं पाणी कोणी जास्त घेतलं, कोणी वाया घालवलं, याची सुनावणी तोंडी होते आणि निकाल तिथल्या तिथे. शतकानुशतकं चाललेली ही रीत २००९ साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. बोअर दरवर्षी खोल नेणाऱ्या आपल्या भागातल्या मुलीने हे समजून घेतलं, तर तिला त्या देशाविषयी विचारायला स्वतःचे प्रश्न मिळतील. शिवाय या न्यायालयाचं कामकाज स्पॅनिशमध्ये नाही, तिथल्या व्हॅलेन्सियन भाषेत चालतं. स्पेनमध्ये कातालान, बास्क, गालिसियन अशा आणखी भाषा आहेत, हेही तिला त्यातून कळेल.

दुसरं नाव गाब्रिएला मिस्त्राल. चिलीतल्या एल्की खोऱ्यातली, १८८९ची. पंधरा-सोळाव्या वर्षीच खेड्यातल्या शाळेत शिकवायला लागली आणि कवितेसाठी १९४५ साली नोबेल मिळालं, लॅटिन अमेरिकेला मिळालेलं साहित्याचं पहिलं. तिच्या लहान मुलांसाठीच्या कविता सोप्या आहेत, अकरावीतली मुलगी शब्दकोश घेऊन वाचू शकते.

बारावीचं म्हणाल, तर सायन्स सोडू नये आणि आत्ता विषयही बदलू नये. रोज पाऊण तास, तोही ठरलेल्या वेळी, पुरे. ॲपवर शब्द येतात, बोलणं येत नाही. म्हणून रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायचं आणि आठवड्यातून एकदा एक पान हाताने लिहायचं. एवढं वर्षभर टिकवलं तर पहिली पातळी, म्हणजे ए-१, होते असा माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. स्पेन सरकारने १९९१ मध्ये काढलेल्या इन्स्तितुतो सेर्व्हान्तेसचं केंद्र दिल्लीत आहे, ते ऑनलाइन वर्गही घेतं. त्यांची ‘देले’ परीक्षा अकरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी वेगळी असते आणि तिचं प्रमाणपत्र कायम चालतं. फी आणि तारखा आधी विचारून घ्या. बारावीच्या जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत मात्र स्पॅनिशची वही बंद. इथे मी कडक आहे.

पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिशचा बी.ए. ऑनर्स आहे. प्रवेश सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो आणि भाषा मुळापासून शिकवतात. हैदराबादला इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी आहे. नागपूरहून दोन्हीकडे थेट गाड्या आहेत. दोन्ही सरकारी विद्यापीठं असल्याने खासगी कॉलेजांपेक्षा फी पुष्कळ कमी.

पोटाचा प्रश्न तुम्ही बाप म्हणून विचारलात, तर सरळ सांगते. नुसत्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळत नाही. ज्यांची भाषा पक्की होते, त्यांना पुणे, हैदराबाद, बंगळूरच्या कंपन्यांत काम मिळतं, कोणी भाषांतर करतात, कोणी शिकवतात. स्पॅनिशसोबत दुसरं काही येत असेल तर भाव वाढतो. तिचं सायन्स इथे उपयोगी पडेल, औषधं आणि शेतीवरच्या मजकुराचं भाषांतर करायला विषय समजणारी माणसं लागतात. बी.ए.चा निर्णय बारावीनंतर घ्या, तोवर तिची ए-१ झाली की नाही हे तुम्हालाही दिसेल.

तिला सांगा, बगीचातली दहा वाक्यं स्पॅनिशमध्ये लिहून मासिकाच्या पत्त्यावर पाठव, प्रत्येकाखाली तेच वाक्य घरी बोलते तसं वऱ्हाडीत. मी तपासून परत पाठवेन. वऱ्हाडी वाक्यांना लाल शाई लागणार नाही.