सही करण्याआधी : चाचणी-करारांविषयी वाचकांचे प्रश्न

औषध कंपनीच्या खर्चाने होणाऱ्या चाचणीची मी प्रमुख संशोधक आहे. 'कंपनीच्या लेखी संमतीशिवाय निष्कर्ष प्रसिद्ध करता येणार नाहीत' असं करारात आहे. ही नुसती औपचारिकता आहे, असं मला सांगतात. सही करू का?

नका करू. याच कलमात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बेटी डाँग अडकल्या. सिंथ्रॉइड हे थायरॉइडचं औषध आणि त्याचे स्वस्त पर्याय सारखेच गुणकारी आहेत, असं त्यांच्या चाचणीत दिसलं. 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने निबंध स्वीकारला, पण जानेवारी 1995 मध्ये, अगदी छपाईच्या तोंडावर, त्यांना तो मागे घ्यावा लागला. कंपनीने करारावर बोट ठेवलं आणि खटला झाला तर तुमचा तुम्ही लढा, असं विद्यापीठाच्या वकिलांनी सांगितलं. निबंध छापून आला एप्रिल 1997 मध्ये. मधली दोन वर्षं डॉक्टरांना हा पुरावा वाचायलाच मिळाला नाही, याचा मला आजही राग येतो.

'संमती' खोडून 'अभिप्राय' लिहून घ्या. मसुदा वाचायला कंपनीला 30 ते 60 दिवस द्या, पेटंटसाठी हवी तर थोडी मुदतवाढही. छापायचं की नाही, ते तुम्हीच ठरवायचं. आणि वाद झाला तर संस्था तुमचा वकील देईल, हेही आत्ताच संस्थेकडून लेखी घ्या.

चाचणी चालू असताना धोका लक्षात आला, पण गोपनीयतेचं बंधन असेल तर?

रुग्णांना सांगायचंच, आणि एथिक्स कमिटीला त्याच दिवशी लेखी कळवायचं. टोरांटोच्या नॅन्सी ऑलिव्हिएरी थॅलसेमियाच्या रुग्णांवर डेफेरिप्रोन या, शरीरातलं जादा लोह काढणाऱ्या औषधाची चाचणी घेत होत्या. काहींमध्ये औषधाचा परिणाम टिकत नाही, असं त्यांना दिसू लागलं. 1996 मध्ये कंपनीने चाचण्याच बंद केल्या आणि कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. त्यांनी तरीही रुग्णांना सांगितलं, 1998 मध्ये निबंधही प्रसिद्ध केला. 2001 च्या स्वतंत्र चौकशीने त्यांची बाजू उचलून धरली, पण तोवर त्यांनी फार सोसलं होतं.

विश्लेषण कंपनीच करते, आम्हाला तयार तक्ते मिळतात. चालेल?

माझ्या मते नाही. किशोरवयीन मुलांच्या नैराश्यावर पॅरोक्सेटिन गुणकारी आहे, असं 'स्टडी 329' च्या 2001 मधल्या निबंधात म्हटलं होतं. 2015 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच चाचणीचा डेटा पुन्हा तपासला, तेव्हा औषध ना गुणकारी ठरलं, ना सुरक्षित. संपूर्ण मूळ डेटा तुमच्या हाती येईल आणि तुमचा संख्याशास्त्रज्ञ तो स्वतंत्रपणे तपासेल, हे करारात नसेल तर निबंधावर नाव घालू नका.