पतसंस्थेच्या संगणकांवर ऑफिस टप्प्याटप्प्यानं बसवताना मधेच अडकतं, नेमकं कुठून तपासायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुख्य कार्यालय सांगलीत, शाखा मिरज, तासगाव, विटा आणि जतला. ऑफिस डिप्लॉयमेंट टूल (ऑफिस उतरवून बसवण्याचं मायक्रोसॉफ्टचं साधन) वापरून ऑफिस एलटीएससी २०२४ (संस्थांसाठीची, एकदाच विकत घ्यायची आवृत्ती) एकदाच डाउनलोड केलं, ते सांगलीतल्या एका विंडोज ११ प्रो संगणकावरच्या फोल्डरमध्ये ठेवून नेटवर्कवर शेअर केलं आणि सगळीकडून त्याच शेअरवरून इन्स्टॉल चालवलं. काही संगणकांवर व्यवस्थित बसलं. काहींवर क्लिक केल्यावर काहीच होत नाही. काही संगणक शेअर सोडून थेट इंटरनेटवरून फाईली ओढायला लागतात. जतला तर अर्ध्यावर जाऊन थांबतं. सगळीकडे विंडोज नव्यानं टाकावं का, असं तुम्ही विचारताय.

विंडोजला हात लावू नका. ही तीन दुखणी वेगळी आहेत आणि तिन्ही फाईली पोचवण्यातली आहेत. तुम्ही पोचवणं आणि बसवणं ही दोन कामं एकाच दमात करताय, म्हणून चूक कुठली ते कळत नाहीये. आधी फाईली प्रत्येक संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर नेऊन ठेवा, त्या पूर्ण आल्यात याची खात्री करा, आणि मगच सेटअप चालवा. एवढं केलंत तर निम्म्याहून जास्त तक्रारी आपोआप मिटतील असं मला वाटतं.

सगळ्यात आधी लॉग, म्हणजे सेटअपनं काय केलं त्याची नोंद, बघा. तुमच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये (सेटअपला सूचना देणारी एक्सएमएल फाईल) डिस्प्ले लेव्हल 'नन' ठेवलेली असणार, त्यामुळे चूक झाली तरी पडद्यावर काही येत नाही. एका अडलेल्या संगणकावर ती 'फुल' करून चालवा. लॉग वापरकर्त्याच्या टेम्प फोल्डरमध्ये तयार होतो, त्याच्या नावात संगणकाचं नाव, तारीख आणि वेळ असते. सेटअप स्टार्टअप स्क्रिप्टमधून किंवा टास्क शेड्युलरमधून सिस्टीम खात्यानं चालवत असाल तर तो सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या टेम्पमध्ये सापडेल. बॅच फाईल असेल तर सेटअपच्या पुढच्याच ओळीत एररलेव्हल (सेटअपनं शेवटी दिलेला आकडा) एखाद्या टेक्स्ट फाईलमध्ये लिहून घ्या. १६०३ आला तर जुन्या ऑफिसशी भांडण आहे, बहुतेक वेळा ३२ आणि ६४ बिटचं. १७००२ म्हणजे काम पूर्ण झालं नाही: कुणी रद्द केलं, दुसरं इन्स्टॉल मधे आलं, डिस्क भरली किंवा भाषेचा कोड चुकला. १७००३ म्हणजे ऑफिसचंच दुसरं काम आधीपासून चालू आहे. १७००४ हा एलटीएससी २०२४ च्या बाबतीत हमखास भेटणारा, त्याचं एक कारण म्हणजे सेटअपला उत्पादनाचं नाव ओळखता न येणं. डिप्लॉयमेंट टूल एलटीएससी २०२४ येण्याआधी उतरवलेलं असेल तर त्याला २०२४ माहीतच नसतं. नवं टूल घ्या, आणि चॅनल (अपडेट कुठल्या मालिकेतून येतात ते) 'पर्पेच्युअल व्हीएल २०२४' हाच आहे ना ते बघा. व्हॉल्यूम परवान्याच्या उत्पादनासोबत 'करंट' चॅनल चालत नाही.

आता इंटरनेटवरून ओढण्याबद्दल. कॉन्फिगरेशनमध्ये 'सोर्सपाथ' (फाईली कुठे आहेत तो पत्ता) लिहिलेला नसेल तर सेटअप आधी चालू फोल्डरमध्ये फाईली शोधतं, आणि तिथे मिळाल्या नाहीत तर गुपचूप मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जातं. कुणीतरी सेटअप आणि एक्सएमएल एवढ्या दोनच फाईली डेस्कटॉपवर कॉपी करून चालवल्या की नेमकं हेच होतं. सोर्सपाथ द्या, पण बरोबर द्या. डाउनलोड झाल्यावर 'ऑफिस' नावाचा फोल्डर तयार होतो, त्यात 'डेटा', आणि त्यात आवृत्तीच्या क्रमांकाचा फोल्डर. सोर्सपाथ हा 'ऑफिस' फोल्डर ज्याच्या आत आहे त्या वरच्या फोल्डरचा असतो. बरेच जण 'ऑफिस' किंवा 'डेटा'पर्यंतचा पत्ता लिहितात, मग फाईली समोर असूनही सेटअपला दिसत नाहीत. डाउनलोडला आणि इन्स्टॉलला एकच एक्सएमएल वापरा, त्यात फक्त सोर्सपाथ बदला. डाउनलोड ६४ बिटचा आणि इन्स्टॉलच्या फाईलीत ३२ लिहिलेलं, असा घोळ मग होणारच नाही.

मराठी मेनू हवे असतील तर इथे एक खाच आहे. ऑफिसमध्ये मराठीची भाषा-सामग्री अर्धवट प्रकारात मोडते, ती एकटी बसत नाही. इंग्रजीसारखी पूर्ण भाषा पहिली लिहा आणि मराठी तिच्याखाली. दोन्ही भाषा डाउनलोडच्या वेळीच एक्सएमएलमध्ये असायला हव्यात. मराठी नंतर जोडलीत आणि सीडीएन फॉलबॅक (शेअरवर न मिळालेली फाईल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून आणण्याची सोय) चालू असेल, तर तेवढ्यासाठी प्रत्येक शाखा इंटरनेटवर जाईल. नुसतं मराठी टाईप करायला यातलं काहीच लागत नाही, तो कीबोर्ड विंडोजचा असतो.

ज्या संगणकांवर 'काहीच होत नाही', तिथे मला शेअरच्या परवानगीचा संशय आहे. तुम्ही झेड ड्राइव्ह जोडून त्यावरून सेटअप चालवत असाल तर लक्षात घ्या, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेल्या प्रोग्रामला साध्या वापरकर्त्याचे जोडलेले ड्राइव्ह दिसत नाहीत. एक्सप्लोररमध्ये झेड उघडतो, पण सेटअपच्या लेखी तो नसतोच. दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता लिहा. डोमेन (सगळ्यांची खाती एका सर्व्हरवर) असेल आणि स्टार्टअप स्क्रिप्ट वापरत असाल, तर शेअरवर आणि फोल्डरवर अशा दोन्ही ठिकाणी 'डोमेन कॉम्प्युटर्स' या गटाला वाचण्याची परवानगी लागते, कारण त्या वेळी कुणी माणूस लॉगइन झालेला नसतो. डोमेन नसेल, नुसता वर्कग्रुप (प्रत्येक संगणकाची खाती वेगळी) असेल, तर सिस्टीम खात्यानं शेअरवर जायचा प्रयत्नच सोडा, तिथे फाईली आधी कॉपी करणं हाच सरळ रस्ता.

आणखी एक कारण नव्या संगणकांवर दिसतं. छोट्या कार्यालयांत शेअरवरची पासवर्डची अट बंद करून 'एव्हरीवन'ला शेअर देण्याची सवय आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्येही पाहुणा म्हणून, म्हणजे पासवर्डशिवाय, शेअर उघडणं मुळातच बंद आहे आणि एसएमबी साइनिंग (शेअरवरच्या देवाणघेवाणीची खातरजमा) सक्तीचं आहे. म्हणून जुने संगणक शेअर उघडतात आणि नव्यांना नकार मिळतो. सुरक्षा सैल करून हे सोडवू नका, पतसंस्थेत तर नकोच. शेअरच्या संगणकावर फक्त वाचण्यापुरतं एक स्थानिक खातं तयार करा, त्याला पासवर्ड द्या आणि त्याच खात्यानं जोडा. विंडोज प्रोवर एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा असते, हेही विसरू नका. सकाळी सगळ्यांनी एकदम सुरू केलं की एकविसावा बाहेर राहतो, आणि तो रोज वेगळा असल्यामुळे बिघाड पकडता येत नाही.

जतचा हिशेब साधा आहे. एका भाषेसह ६४ बिट ऑफिसच्या फाईली साधारण ३ जीबी धरा. १० एमबीपीएसची लाइन पूर्ण मोकळी मिळाली तरी एका संगणकाला ४० मिनिटं लागतात, आणि दिवसा त्याच लाइनवर काउंटरचं काम चालू असतं. पाच संगणकांनी एकाच वेळी मागितलं तर तीन तासांवर काम जातं, मधे लाइन एकदा तुटली की सेटअप थांबतं. शाखेत फाईली एकदाच न्या. विंडोजमधला रोबोकॉपी हा कॉपीचा आदेश 'झेड' स्विचनं चालवला तर तुटलेली कॉपी जिथे थांबली तिथून पुढे चालू होते, आणि 'आयपीजी' स्विचनं वेग मुद्दाम कमी ठेवता येतो. रात्री दिवसअखेर झाल्यावर ते लावून ठेवा. नाहीतर सरळ एक्स्टर्नल डिस्क घेऊन कुणाला तरी जतला पाठवा, यात कमीपणा काही नाही. शाखेतल्या एका संगणकावर आल्यावर पुढची वाटणी तिथल्या तिथे. शाखेतला स्विच जुना १०० एमबीपीएसचा असेल तरी ३ जीबीला चार-पाच मिनिटं पुरतात, अर्थात एका वेळी एकाच संगणकाला.

कॉपी झाल्यावर तपासणी सोडू नका. आकार सारखा दिसतो म्हणून फाईल सारखी असतेच असं नाही. विंडोजमध्ये सर्टयुटिल हा आदेश आधीपासून असतो, त्यानं 'स्ट्रीम' नावानं सुरू होणाऱ्या मोठ्या डॅट फाईलींचा एसएचए २५६ हॅश (फाईलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढा आणि सांगलीतल्या मूळ प्रतीशी ताडून बघा. आदेशात एसएचए २५६ लिहावंच लागतं, नाहीतर तो एसएचए १ काढतो. अँटीव्हायरस याच फाईली तपासत बसल्यामुळेही कधी इन्स्टॉल रेंगाळतं. तो बंद करण्याऐवजी तेवढ्या फोल्डरला तात्पुरती सूट द्या आणि काम झाल्यावर काढून घ्या.

फाईली पोचल्या, हॅश जुळला, तरी बसत नसेल तर जुनं ऑफिस आड येतंय. एक्सएमएलमध्ये 'रिमूव्ह एमएसआय' ही ओळ घातली की २०१०, २०१३ आणि २०१६ च्या जुन्या पद्धतीच्या आवृत्त्या निघतात. २००७ मात्र हातानं काढावी लागेल. नव्या लॅपटॉपवर कंपनीकडून आलेलं होम ऑफिस असतं, ते या ओळीनं जात नाही, त्याला 'रिमूव्ह ऑल'ची वेगळी एक्सएमएल चालवावी लागते. काढण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. एलटीएससी २०२४ मध्ये पब्लिशर नाही. वार्षिक सभेची नोटीस किंवा अहवाल कुणी पब्लिशरमध्ये करत असेल, तर त्या फाईली आधी पीडीएफ करून ठेवा. दुसरं, तुमच्या हिशेबाच्या किंवा बँकिंग सॉफ्टवेअरसोबत ३२ बिटचं ॲक्सेस डेटाबेस इंजिन बसलंय का ते 'प्रोग्राम्स'च्या यादीत बघा. ते असेल तर ६४ बिट ऑफिस अडू शकतं, आणि ते काढलं तर त्या सॉफ्टवेअरचा एक्सेल एक्सपोर्ट बंद पडेल. जुन्या एक्सेल मॅक्रोंचंही तेच: 'डिक्लेअर' ओळींत 'पीटीआरसेफ' नसेल तर ६४ बिटमध्ये ते चालत नाहीत. ३२ की ६४ हा निर्णय सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला विचारून डाउनलोडच्या आधी करा. मी असतो तर असा एक जरी प्रोग्राम सापडला तरी सगळीकडे ३२ बिटच ठेवलं असतं, मिसळ केली नसती.

क्रम असा ठेवा: आधी प्रत्येक प्रकारचा एकेक संगणक, मग मिरजेची एक शाखा, दोन दिवस त्यांना काम करू द्या, मग बाकीचे. मार्चअखेरीला आणि व्याज आकारणीच्या दिवशी हे काम नकोच. वर्ड-एक्सेल उघडं असलं तर ते जबरदस्तीनं बंद करणारी 'फोर्स ॲप शटडाउन' ही सोय आहे, पण तिच्यानं जतन न केलेलं काम जातं, म्हणून दिवसअखेरीनंतरच वापरा. '०-१०१८' हा आकडा दिसला तर दुसरं इन्स्टॉल किंवा अपडेट चालू आहे, ते संपू द्या. डिस्कवर किमान १० जीबी मोकळी ठेवा. ऑफिसला ४ पुरतात असं मायक्रोसॉफ्ट सांगतं, पण तुमच्याकडे इन्स्टॉलच्या फाईलीही तिथेच असणार.

बसल्यावर परवाना तपासा. ऑफिस १६ फोल्डरमधली ओएसपीपी ही स्क्रिप्ट 'डीस्टेटस' देऊन चालवली की स्थिती कळते. केएमएस (संस्थेतल्याच एका संगणकावरून परवाने सक्रिय करण्याची पद्धत) वापरत असाल तर किमान ५ संगणक मोजले जाईपर्यंत एकही सक्रिय होत नाही, तेव्हा सी००४एफ०३८ हा कोड येतो. पाचाहून जास्त असूनही तोच कोड येत राहिला तर संगणक एकाच प्रतिमेवरून क्लोन केलेत का ते बघा. तसं असेल तर मूळ प्रतिमेवर रीआर्म (परवान्याची ओळख नव्यानं तयार करणं) करून मग क्लोन करायला हवं होतं. एमएके (ठरावीक वेळाच वापरता येणारी) किल्ली असेल तर प्रत्येक संगणकाला एकदा इंटरनेट किंवा फोनवरून सक्रिय करावं लागतं, आणि पुन्हापुन्हा विंडोज टाकलं तर तिची मोजणी वाया जाते. विंडोज नव्यानं टाकू नका म्हणायला हेही एक कारण आहेच.

शाखांतून 'जुनं मराठी पत्र वेगळं दिसतंय' अशी तक्रार आली तर ती ऑफिसची नाही. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट विंडोज १० आणि ११ मध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या ऐच्छिक भागात असतात, सेटिंग्जमधून तो भाग घालावा लागतो.

अपडेटचीही सोय आत्ताच लावून ठेवा, नाहीतर प्रत्येक संगणक स्वतःहून इंटरनेटवर जाईल आणि जतची लाइन पुन्हा भरेल. एक्सएमएलमध्ये 'अपडेटपाथ' (अपडेट कुठून घ्यायचं तो पत्ता) शाखेतल्याच शेअरचा द्या. नवी आवृत्ती उतरवताना नवा फोल्डर करा आणि त्यात पूर्ण उतरल्यावरच मार्ग बदला. इन्स्टॉल चालू असलेल्या फोल्डरवर दुसरी आवृत्ती उतरवली, तर 'डेटा' फोल्डरमधली, आवृत्ती सांगणारी कॅब फाईल नव्या आवृत्तीची होते आणि अर्ध्यावर असलेले संगणक अजून न आलेल्या फाईली शोधत बसतात.