रोहतांगला बर्फ पडला, मग छाटणी उरकायची का?

नमस्कार मंडळी. ऑक्टोबर लागतो न लागतो तोच हिमाचलातल्या रोहतांग खिंडीच्या बर्फाचे व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरले आणि फोन सुरू झाले. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार विचारतात, "साहेब, थंडी लवकर येतेय, छाटणी उरकून घेऊ का?" सिन्नरकडून विचारणा, "बागायती हरभरा आत्ताच टाकला तर?" आणि सोयाबीन सोंगून ठेवलेल्यांना पावसाची धास्ती.

आधी बर्फाचं. रोहतांग जवळपास 4,000 मीटर उंचीवर आहे. भूमध्य समुद्राकडून येणारा पश्चिमी झंजावात हिमालयाला धडकला की वर बर्फ पडतो आणि पंजाब-हरियाणात पाऊस. तो पुढे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे वारे सुटतात. ते आपल्याकडे पोचलेच, तर आभाळ निवळतं, पहाटे गारवा येतो, दव पडतं; दुपारी मात्र ऑक्टोबरचं ऊन तसंच भाजतं. निफाडचा पारा एक आकडी होतो तो बहुधा डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा हिमाचलच्या बर्फावर आपलं वेळापत्रक बांधू नका.

द्राक्षाची छाटणी काडी बघून करा. साल तपकिरी झाली असेल आणि काप घेतल्यावर गाभाही तपकिरी दिसला, तर काडी पक्की. गाभा हिरवट असेल तर थांबा. कच्च्या काडीवर घाई केली की घड जिरतात (वाढायच्या आधीच नाहीसे होतात), मग औषधांच्या दुकानात कितीही चकरा मारा. सगळे प्लॉटही एकाच आठवड्यात धरू नका. छाटणी झालेल्या बागेत पोंगा अवस्थेपासून (डोळा फुटून कोवळी पानं उलगडायच्या आधी) फुलोऱ्यापर्यंत खरी भीती डाऊनी या बुरशीजन्य रोगाची, आणि त्याला पाऊसच लागतो असं नाही. पान बराच वेळ दवाने ओलं राहिलं तरी पुरतं. सकाळी बागेत गेलात की पानावर तेलाच्या थेंबासारखा पिवळट डाग शोधा आणि पान उलटून पाहा. खाली पांढरी बुरशी दिसली तर फवारणी त्याच दिवशी. फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढून वेलीत हवा खेळती ठेवा. निर्यातीचा माल असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतलीच औषधं वापरा, शेजाऱ्याने मारलं म्हणून दुसरं नको.

बागायती हरभरा 20 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर. जमीन तापलेली असताना टाकलात तर मर (रोपं वाळवणारा रोग) वाढते. बियाण्याला किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) चोळा, त्यानंतर रायझोबियम (नत्र पुरवणारे जिवाणू). कोरडवाहू हरभऱ्याला मात्र हा नियम नाही. ओल आहे तोवर पेरून मोकळे व्हा. गहू नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, त्याआधी नको.

सोयाबीनची धास्ती मात्र खोटी नाही. मॉन्सून देशातून पूर्ण जायला साधारण 15 ऑक्टोबर उजाडतो, आणि त्यानंतरही समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र झालं की पाऊस येऊ शकतो. सोंगलेलं सोयाबीन उंचवट्यावर गंजी घालून ताडपत्रीने झाका. ऊन पडलं की ताडपत्री उघडायला विसरू नका, नाहीतर आत वाफ धरून दाणा काळा पडतो. बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला 400 च्या आत ठेवा.