कलेजीत पाण्याच्या पिशव्या निघाल्या, त्या कुत्र्याला घालायच्या का?

सांवेरकडच्या एका दादांनी विचारलंय, घरी बकरा कापला, कलेजीवर पाण्याने भरलेल्या पांढरट पिशव्या निघाल्या, ती कलेजी कुत्र्यांना टाकली, काही बिघडेल का? आणि हातोदच्या ताई विचारतात की कुत्री भुशाच्या ढिगावर बसतात, तिथेच घाण करतात, गाय सहाव्या महिन्यात गाभडली, याचा काही संबंध?

दादा, बिघडतं, आणि कुत्र्यापेक्षा आपलं जास्त बिघडतं. पिशवीतल्या पाण्यात वाळूसारखे बारीक कण असतात ना, तो एकेक कण म्हणजे पट्टकृमी या चपट्या जंताचं डोकं. कुत्र्याने खाल्लं की दीड महिन्यात त्याच्या आतड्यात जंत तयार, जेमतेम अर्धा सेंटिमीटरचे, कुत्रा मात्र ठणठणीत दिसतो म्हणून कोणाला शंकाच येत नाही. अंडी विष्ठेतून अंगणात, कोथिंबिरीच्या वाफ्यात, कुत्र्याच्या केसांवर, तिथून पोरांच्या हातावर आणि पोटात, मग माणसाच्या लिव्हरमध्ये, फुप्फुसात तशीच पिशवी वाढते, वर्षानुवर्षं काही त्रास न देता. याला हायडॅटिड म्हणतात, बऱ्याचदा सोनोग्राफीतच कळतं.

म्हणून खराब कलेजी-फुप्फुस खोल पुरा नाहीतर जाळा, कुत्र्याला द्यायचंच असेल तर चांगलं अर्धा तास उकळून. ज्या कुत्र्यांनी खाल्लंय त्यांना प्राझिक्वांटेल द्या, 10 किलो वजनाला 50 मिलिग्राम, डॉक्टरांना विचारून दर सहा आठवड्यांनी. एक गोष्ट लोक विसरतात, हे औषध जंत मारतं, अंडी मारत नाही, तेव्हा डोस दिल्यावर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवा आणि विष्ठा जाळून टाका.

ताई, संबंध असू शकतो. निओस्पोरा नावाचा परजीवी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्या-पाण्यात जातो आणि गायी पाचव्या ते सातव्या महिन्यात गाभडतात. पण ब्रुसेला नावाच्या जिवाणूमुळेही गाभडतात आणि तो माणसालाही होतो, तर नुसत्या अंदाजावर राहू नका, सरकारी पशुवैद्यकाकडून रक्ताचा नमुना तपासून घ्या, महूचं व्हेटर्नरी कॉलेजही आपल्याला जवळच आहे. जार आणि मेलेलं वासरू उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांच्या तोंडी तर अजिबात लागू देऊ नका, कारण निओस्पोरा त्यातूनच परत कुत्र्यात जाऊ शकतो. भुसा झाका, पाण्याची टाकीसुद्धा. निओस्पोरा गायीकडून पोटातल्या कालवडीतही उतरतो, म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्या गायीच्या कालवडी दुधासाठी ठेवण्याआधी त्यांचंही रक्त तपासा.