जुना ब्रेक कॅलिपर घेताना आधी पिस्टन बघ

कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग; पॅड ढकलतो तो त्यातला पिस्टन. चकचकीत रंगावर जाऊ नकोस, रंग कुणीही मारतो. धूळ अडवणारं रबर बाजूला सारून पिस्टन बघ. सील जिथे घासतं तिथे गंजाचे खड्डे असतील, तर नवं सील टाकूनही ब्रेक ऑइल गळणारच. असा पिस्टन पॉलिश करून चालवायचा नाही, बदलायचाच. स्टेनलेस स्टीलचा मिळाला तर उत्तम. सीलच्या खाचेतला गंज न काढताच नवं सील बसवणारेही भेटतात. मग पिस्टन मागे सरकत नाही, पॅड घासत राहतो आणि डिस्क तापते.

ब्लीडर स्क्रू (ब्रेक ऑइलमधली हवा काढायचा स्क्रू) सुटतो ना, ते पैसे देण्याआधी पान्याने तपास. बसवताना तो वरच्या बाजूला यायला हवा. मी एकदा डावा-उजवा कॅलिपर उलटा लावला. हवा अडकून राहिली आणि पेडल काही केल्या घट्ट होईना.

रीबिल्ट, म्हणजे दुरुस्त करून विकलेला कॅलिपर घेणार असशील तर फक्त सील बदललं की पिस्टनही, हे स्पष्ट विचार. बदल्यात जुना कॅलिपर मागतात. तुझ्या गाडीचा मूळ कॅलिपर दुर्मीळ असेल तर तो कृपा करून देऊ नकोस, त्याचीच दुरुस्ती करून घे. सीलला साधं ग्रीस अजिबात लावू नकोस, रबर फुगतं.