नॉर्वेचा नाटककार इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकातील नोरा घर का सोडते? केवळ पतीवरच्या रागामुळे का?

नाही, राग हे निमित्त आहे, पण ती घर सोडते ते आधी वडिलांच्या आणि मग पतीच्या घरात आपण बाहुलीसारख्या वाढलो, स्वतंत्र माणूस म्हणून कधी जगलोच नाही, हे तिला उमगल्यामुळे. १८७९ साली आलेल्या या नाटकातल्या समाजात पत्नीला पतीच्या संमतीशिवाय कर्ज काढता येत नाही. म्हणून आजारी पती टोरवाल्डला हवापालटासाठी इटलीला नेता यावे यासाठी नोरा कर्जरोख्यावर वडिलांची खोटी सही करते, आणि सहीखालची तारीख त्यांच्या मृत्यूनंतर तीन दिवसांची निघते. मला याहूनही बोलकी वाटते ती टपालपेटी: तिची किल्ली फक्त टोरवाल्डकडे असते, त्यामुळे गुपित फोडणारे, कर्ज देणाऱ्याचे पत्र काचेतून दिसत असूनही नोराला ते काढून घेता येत नाही. पत्र वाचताच तो तिला मुलांना वाढवायला नालायक ठरवतो आणि कर्ज देणाऱ्याकडून रोखा परत आल्यावर लगेच ‘क्षमा’ही करतो, नोराचा निर्णय खरे तर या क्षमेच्या क्षणी पक्का होतो, असे माझे वाचन आहे. मात्र या नाटकाला निव्वळ स्त्री-हक्कांचा जाहीरनामा म्हणताना थोडे जपावे, कारण १८९८ साली नॉर्वेतील स्त्री-हक्क संघटनेने केलेल्या सत्कारात इब्सेनने, आपण त्या चळवळीसाठी जाणीवपूर्वक लिहिल्याचे श्रेय नाकारून, आपले काम माणसाचे चित्रण करण्याचे होते, असे सांगितले होते.