दोन चॅनेलच्या अँप्लिफायरला गाडीतील चार स्पीकर कसे जोडावेत?

आपल्याकडे 4 ओहमचे (ओहम हे विद्युतरोधाचे एकक; आकडा जितका कमी, तितका प्रवाह जास्त) चार स्पीकर आणि दोन चॅनेलचा अँप्लिफायर आहे व चारही स्पीकर त्यावर चालतील का, असे आपण विचारले आहे. चालू शकतील, मात्र अँप्लिफायर किती वॅटचा आहे यापेक्षा त्याचा प्रत्येक चॅनेल किमान किती ओहमचा भार पेलतो, हे आधी पाहावे. हा आकडा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो, पण वॅटच्या ठळक आकड्यांपुढे तो सहज नजरेआड होतो.

स्टिरिओसाठी किमान 2 ओहम असे लिहिले असेल, तर डावीकडचे पुढचा व मागचा हे दोन्ही स्पीकर डाव्या चॅनेलवर समांतर जोडावेत, म्हणजे दोघांचीही धन टोके चॅनेलच्या धन टर्मिनलला आणि ऋण टोके ऋण टर्मिनलला जातील, उजवीकडेही तसेच. 4 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यावर एकत्रित भार 2 ओहम होतो आणि चॅनेलमधून जवळपास दुप्पट विद्युतप्रवाह वाहू लागतो. किमान भार 4 ओहमचा असलेल्या अँप्लिफायरवर हीच जोडणी केल्यास तो तापतो, आवाज वाढवताच प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो आणि संरक्षण कच्चे असेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळतात. शिवाय या जोडणीत हेड युनिटचा (डॅशबोर्डमधील म्युझिक सिस्टिमचा) फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या आवाजाचा समतोल, निरुपयोगी होतो.

किमान भार 4 ओहमचा असलेल्या अँप्लिफायरवर एकसर जोडणी, म्हणजे एका स्पीकरचे ऋण टोक दुसऱ्याच्या धन टोकाला जोडून दोन्ही एकामागोमाग घेणे, सुरक्षित ठरते, कारण भार 8 ओहम होतो. पण 4 ओहमला 50 वॅट देणारा चॅनेल 8 ओहमला साधारण 25 वॅटच देतो आणि प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला साडेबारा वॅट येतात. त्यातही दोन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे नसतील, तर वारंवारतेनुसार त्यांचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा रोध) वेगवेगळा बदलतो, व्होल्टेजची विभागणी असमान होते आणि आवाजाचा पोत बिघडतो. म्हणून मी अशा वेळी पुढचे दोनच स्पीकर अँप्लिफायरवर घेईन आणि मागचे हेड युनिटवरच ठेवीन. ऐकणारा बहुधा पुढेच बसलेला असतो.

ब्रिज करण्याचा, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र करून एकच मोठा चॅनेल बनवण्याचा, मोह मात्र टाळावा. ब्रिज केलेल्या अँप्लिफायरच्या प्रत्येक चॅनेलला जोडलेल्या भाराच्या निम्माच भार जाणवतो, म्हणजे 2 ओहमची समांतर जोडी तेथे 1 ओहमसारखी वागते. शिवाय स्टिरिओही उरत नाही.

कोणत्याही स्पीकरचे ऋण टोक गाडीच्या बॉडीला जोडू नये, कारण अनेक अँप्लिफायरांच्या ऋण टर्मिनलवरही सिग्नल असतो. वायरवर खूण नसेल, तर दीड व्होल्टचा सेल स्पीकरला क्षणभर लावून पाहावा: स्पीकरचा पडदा (कोन) बाहेर सरकला, तर सेलच्या धन बाजूला लागलेले टोक धन. एखादा स्पीकर उलटा जोडला गेल्यास काही जळत नाही, फक्त बास कुठे गेला हे कळत नाही.

शेवटी, वायरी अँप्लिफायरला लावण्यापूर्वी त्यांच्या टोकांवर मल्टीमीटर धरावा. समांतर जोडीला साधारण 1.6 ते 1.8 ओहम दिसले तर काळजी नसावी, कारण मीटर डीसी रोध मोजतो व तो छापील इम्पीडन्सपेक्षा कमीच असतो. शून्याजवळचा आकडा दिसला, तर कुठेतरी वायर शॉर्ट आहे आणि ती सापडेपर्यंत अँप्लिफायर सुरू करू नये.